व्ही३ लागला! टॅब कुठे हरवत होते ते सापडलं

लिनक्स कर्नलला मेलने पाठवलेल्या माझ्या पॅचच्या (कोडमधल्या छोट्या बदलाच्या) तिसऱ्या आवृत्तीवर, म्हणजे व्ही३वर, काल रात्री मेंटेनरचं, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं आणि पहिल्यांदाच त्यात 'पॅच लागत नाही' हे वाक्य नव्हतं. कोडबद्दल दोन प्रश्न होते. तो मेल मी तीनदा वाचला.

मागच्या वेळी कुठे अडलो होतो ते आठवत असेलच. आयआयओ या कर्नलच्या सेन्सर विभागातला जुना लाइट सेन्सर ड्रायव्हर. प्रोबमध्ये (ड्रायव्हर जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) रेग्युलेटर, म्हणजे सेन्सरचा वीजपुरवठा, चालू होतो, पुढे चिपचा आयडी वाचता आला नाही तर फंक्शन तिथूनच परततं आणि रेग्युलेटर बंद करायचा राहून जातो. दुरुस्ती चार ओळींची. पॅचची मांडणी तपासणाऱ्या चेकपॅच स्क्रिप्टने --स्ट्रिक्ट लावूनही चकार शब्द काढला नाही. तरी व्ही१ आणि व्ही२ दोन्ही परत आले.

व्ही१चं कारण लगेच कळलं होतं. टर्मिनलमधून माउसने निवडून मेलच्या खिडकीत चिकटवला, टॅबचे स्पेस झाले, लांब ओळी मोडल्या, म्हणून पॅच मूळ कोडशी जुळेना. व्ही२ मात्र गिटच्या फॉरमॅट-पॅचने काढून गिट सेंड-ईमेलने पाठवला होता आणि दुखणं तेच! माझ्याकडच्या फाइलवर गिट एएम (मेलमधला पॅच कोडवर लावणारी कमांड) चालवलं की पॅच बिनतक्रार लागायचा, लोअरवरून (कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या संग्रहावरून) उतरवलेल्या प्रतीवर अडायचा. --इग्नोर-व्हाइटस्पेस देऊन पाहिलं. लागला, पण तो पर्याय संदर्भाच्या, म्हणजे बदलाच्या आजूबाजूच्या, ओळींपुरताच फरक माफ करतो. मी घातलेल्या चारही ओळी स्पेस घेऊनच आत आल्या आणि चेकपॅच ओरडला. असला पॅच मेंटेनरने घेऊ नये हेच बरोबर.

मग एकाच पत्त्यावर दोन वेगवेगळ्या एसएमटीपी सर्व्हरमधून स्वतःलाच पाठवला. दोन्ही प्रती बिघडलेल्या. म्हणजे दोष सेंड-ईमेलच्या सेटिंगमध्येच, असं धरून मी ट्रान्स्फर-एन्कोडिंग (मेलचा मजकूर पाठवताना कसा बांधायचा ते) बदलत एक अख्खा आठवडा घालवला. खोट होती माझ्या तपासणीत. मी आलेला मेल ब्राउझरमध्ये उघडून तिथला मजकूर कॉपी करत होतो, आणि टॅब त्या कॉपीतच जात होते. शेवटी कच्चा मेल फाइल म्हणून उतरवला आणि त्यावर कॅट -ए चालवलं, त्यात टॅब ^आय असा दिसतो. एका प्रतीत ^आय जिथल्या तिथे. दुसरीत सगळीकडे नुसते स्पेस, शिवाय तळाशी मी न लिहिलेली गोपनीयतेची सूचना. हा दुसरा सर्व्हर वेबहोस्टिंगबरोबर मिळालेला, आणि व्ही२ त्याच्यातूनच गेला होता.

इतके दिवस डिफ न्याहाळत बसलो आणि बिघाड टपालाच्या वाटेवर होता. पॅच पाठवायला असली फुकट जोडून येणारी मेलसेवा वापरूच नका. आता माझा क्रम असा: आधी स्वतःला पाठवायचा, कच्चा मेल उतरवायचा, नव्या ब्रँचवर गिट एएम, मगच लिस्टवर. व्ही३ला त्या नव्या ब्रँचवर 'अप्लाइंग' ही ओळ उमटली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. घरातले सगळे झोपलेले, मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

आता ते दोन प्रश्न. पहिला फिक्सेस टॅगचा, म्हणजे चूक कोणत्या कमिटपासून आली ते सांगणाऱ्या ओळीचा. गिट ब्लेमने मूळ कमिट शोधून ठेवली आहे, हॅशची पहिली १२ अक्षरं आणि विषयाची ओळ टाकली की झालं. दुसरा खरा: रेग्युलेटर हाताने बंद करत बसण्यापेक्षा डेव्हएम_रेग्युलेटर_गेट_इनेबल (रेग्युलेटर चालू करून पुढे आपोआप बंदही करणारं तयार फंक्शन) का नाही? या ड्रायव्हरला रेग्युलेटरचा हँडल पुढे कुठेच लागत नाही, त्यामुळे सूचना चोख आहे. प्रोबची एरर वाट आणि रिमूव्ह (ड्रायव्हर काढतानाचं फंक्शन), दोन्हीकडची साफसफाई आपोआप होईल. व्ही४मध्ये तसंच करतो.

थांबा. हे लिहिता लिहिता वाटतंय की एकाच पॅचमध्ये दोन्ही घालणं बरोबर नाही. दुरुस्ती स्टेबलमध्ये, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या कर्नलच्या आवृत्त्यांमध्येही, जावी अशी माझी इच्छा आहे, आणि जुन्या कर्नलमध्ये तो डेव्हएम हेल्पर असेलच असं नाही. म्हणजे दोन पॅचची मालिका: पहिल्यात त्याच चार ओळी फिक्सेस टॅगसह, दुसऱ्यात डेव्हएमचा बदल. मग मालिकेची ओळख करून देणारा मेल, कव्हर लेटरही आलं. व्ही३पासून काय बदललं ते तिथेच लिहीन, म्हणजे कमिट मेसेजमध्ये त्याचा कचरा राहणार नाही.

आणि मालिकाच करायची तर बी४ हे कर्नलचे पॅच हाताळणारं साधन वापरून पाहावं. बी४ सेंडला कर्नल डॉट ऑर्गच्या वेब एंडपॉइंटवरून पॅच पाठवता येतो, एसएमटीपीची गरजच नाही. आधी सहीसाठीची की तयार करून नोंदवावी लागते, ते आज संध्याकाळी. शनिवारी फिक्सेस-टोग्रेगवर (आयआयओच्या दुरुस्त्यांच्या ब्रँचवर) रीबेस करतो, म्हणजे माझे बदल तिच्यावर नव्याने बसवतो. पण व्ही३ला अजून आठवडा झालेला नाही, दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचं असेल तर येऊ दे. तोवर व्ही४ बाहेर जाणार नाही.