शेंगदाण्याची भीती
गालांवर इसब असलेल्या माझ्या सात महिन्यांच्या लेकीला वर्षाची होईपर्यंत शेंगदाणा द्यायचाच नाही, असे मी ठरवले होते. आज दादरला बालरोगतज्ज्ञांनी तो समज दूर केला. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा खाणाऱ्या मुलांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी कितीतरी कमी आढळली. इसब तीव्र असेल तर मात्र आधी तपासणी हवी. (तिचे सौम्य आहे, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला.) अख्खा दाणा घशात अडकू शकतो, म्हणून सासूबाईंनी घरी दाणे भाजून, साले पाखडून, चिमूटभर वस्त्रगाळ कूट नाचणीच्या सत्त्वात कालवले. तिने चमचा चाटूनपुसून साफ केला. अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का, हे पाहत मी दोन तास तिच्याजवळून हलले नाही.