वारा कुठून होता?

रविवार, रात्री साडेदहा

आजच्या सायकल राइडवर आबांचा मेसेज दुपारी दीडला आला. ‘शाब्बास. शंभर झाले! वारा कुठून होता?’ एवढाच. आता रात्र झाली आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. दोन निळ्या खुणा त्यांना केव्हाच दिसल्या असणार.

प्रश्न काही नवा नाही. आबा कायम हेच विचारतात. लहानपणी शाळेतून सायकलवर घरी आले की आईचं ‘हातपाय धू’ आणि आबांचं ‘वारा कुठून होता’ एकाच दमात यायचं. आमच्या घरात ते ‘जेवलीस का’सारखंच आहे, त्यात अर्थ शोधायचा नसतो. मग आज मी दुपारपासून त्यात अर्थ का शोधतेय?

क्रमाने लिहिते, म्हणजे कदाचित कळेल.

पहाटे साडेपाचला निघाले. निफाडचा पारा ही या दिवसांत आमच्याकडे रोजची बातमी. तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो आणि एक आकडी झाला की पेपरात पहिल्या पानावर बसतो. कालचं तेच पान घडी करून जॅकेटच्या आत छातीवर लावलं. ही आबांची युक्ती. प्रेसमध्ये पहिल्या पाळीला जाताना ते असंच करायचे. वारा कागदातून शिरत नाही, आणि उतरल्यावर वाचायलाही होतो. गारठ्याची बातमी अंगावर लावून मी त्याच गारठ्यात निघाले होते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आत्ता लिहिताना हसू आलं.

वारा उत्तरेचा होता. नाशिकहून निफाडकडे जाताना उत्तर डाव्या हाताला येते. त्यामुळे चांदोरी येईपर्यंत डावा कान माझा राहिलाच नव्हता. कानटोपी हेल्मेटखाली नीट बसत नाही आणि ओढणी बांधली की पाठीमागचा ट्रक ऐकू येत नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना मिनिटभर आडोसा मिळायचा, तो संपला की वारा जास्तच जोरात कुशीत ढकलायचा. समोरून वारा असला तर निदान भांडता येतं. बाजूचा वारा नुसता बाजूला सारत राहतो.

उजाडलं तेव्हा द्राक्षबागांतून धूर निघत होता. थंडीत मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बांधावर शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा ऊबदार असतं. एका बागेपाशी पाय टेकून थोडा वेळ धूर खात उभी राहिले. कोपऱ्यात कांबळं पांघरून बसलेल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, शेकोटीत एक काटकी सरकवली आणि पुन्हा वेलींकडे पाहू लागला. ती ऊब घडांसाठी होती. मी फुकटी.

नांदूर मध्यमेश्वरला आठच्या सुमारास पोचले. पाण्यावर वाफ होती. चक्रवाकांची जोडपी, थापट्या, आणि नेहमीप्रमाणे वारकरी पक्ष्यांची गर्दी. २०२० च्या जानेवारीत या जागेचं नाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जाहीर झालं, महाराष्ट्रातून पहिलं. तेव्हा आबांनी पेढे आणले होते, जणू पक्ष्यांना त्यांनीच आवताण धाडलं होतं. दर हिवाळ्यात आम्ही दोघं इथे यायचो. दसऱ्यानंतर… असो. एक फोटो काढला, पण धाडला नाही. त्यात मी एकटीच होते.

आता पुढचं.

चापडगावहून आतल्या रस्त्याने निफाडकडे येताना वळणावर उसाचे वाढे सांडले होते. रात्रीच्या दवाने ओले. मागचं चाक त्यांच्यावरून असं सरकलं की मी रस्त्याकडेच्या चारीत. पाणी घोट्याएवढंच होतं, लागलं काहीच नाही, फक्त दोन्ही हातमोजे चिखलात. पलीकडे उन्हाळ कांद्याची लागण चालली होती. वाकलेल्या बायांची ओळच्या ओळ एकदम सरळ झाली. एकीने विचारलं, ‘‘ओ बाई, लागलं का?’’ मी म्हटलं, ‘‘नाही, नाही.’’ दुसरी म्हणाली, ‘‘मग हसा की.’’ आणि त्या हसल्या. त्या गार चिखलात सकाळपासून अनवाणी उभ्या होत्या, हातमोजे वगैरे काही नाही. मी मोजे पिळून खिशात घातले.

उघड्या हातांनी आठ-दहा किलोमीटर. निफाडच्या पुढे आले तोवर बोटं फक्त दिसत होती. ब्रेक दाबला की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागत होतं. आणि नेमकं तेव्हाच मागचं चाक बसलं.

ट्यूब बदलण्याआधी टायरच्या पोटातून बोट फिरवायचं, काटा कुठे आहे ते बघायचं. हे मला आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. फिरवलंही. काही लागलं नाही. लागणार कसं? त्या बोटांना काट्यापेक्षा मोठं काही टोचलं असतं तरी कळलं नसतं. नवी ट्यूब घातली. पंप जड होतो म्हणून घरी ठेवला होता, त्याऐवजी गॅसचं एकच नळकांडं घेतलं होतं. ते लावलं, फुस्स झालं, चाक टणक. स्वतःवर खूश होऊन निघाले.

चार किलोमीटर. चाक पुन्हा खाली. काट्याने नवी ट्यूबही खाल्ली होती.

पंक्चरच्या डबीत सोल्युशनची ट्यूब सुकून दगड झालेली. ढकलत ढकलत चांदोरीच्या चौफुलीपर्यंत आले. तिथल्या दुकानातल्या पोराने ट्यूबला झकास ठिगळ लावलं, पण त्याचा हवेचा पाइप माझ्या बारीक व्हॉल्व्हला धरेना. त्याला एक पितळी कन्व्हर्टर लागतो, करंगळीच्या नखाएवढा. तो माझ्याकडे आहे. घरी, स्वयंपाकघरातल्या खणात, रबरबँडांच्या शेजारी.

तेव्हा मला रडू आलं. हे खरं आहे, लिहून ठेवते. पन्नाशी उलटलेली बाई चौफुलीवर नाक पुसत उभी. गुडघा दुखत होता, मंदारचा फोन नाही, माझ्याच वाट्याला हे सगळं का, वगैरे वगैरे. यादी बरीच लांबवली. पोराने पाण्याची बाटली पुढे केली आणि शहाण्यासारखा दुसरीकडे पाहू लागला.

मग पिकअप आली. मागे द्राक्षाचे रिकामे क्रेट. ड्रायव्हर विशीतला असेल. ‘‘मावशी, नाशिकला चाललो, टाका ना सायकल मागं.’’ त्यानेच उचलून टाकली, दोरीने बांधली, सीटवरची गोधडी माझ्या अंगावर दिली. पैसे विचारले तर हसला.

आणि आता ते, ज्यासाठी लिहायला बसले.

फोन पाठीमागच्या खिशात होता. स्ट्राव्हा, राइड मोजणारं ॲप, चालू होतं. पिकअप सुटली तेव्हा मला आठवलं. म्हटलं, हात मांडीखाली धरलेत, आत्ताच कुठे ऊब येतेय, पुढे बंद करू. ओढ्याला पुन्हा आठवलं. शिलापूरला परत. माडसांगवीपर्यंत माझ्या डोक्यात बेरीज होऊन गेली होती: चांदोरीपर्यंत सत्त्याहत्तर, हे अठरा, नाशिकच्या नांदूर नाक्यापासून घर सहा. म्हणजे एकशे एक. या हिवाळ्यातलं पहिलं शतक.

म्हणजे विसरले नव्हते. बोटं गारठली होती हे खरं, पण बेरीज बोटांवर केली नव्हती.

नांदूर नाक्याला ओळखीच्या दुकानात हवा भरली, उरलेले सहा किलोमीटर खरेखुरे चालवले, घरी येऊन सेव्ह केलं. १०१.३ किलोमीटर. सरासरी बावीस. माझी कधी विसाच्या वर जात नाही. आंघोळ करून येईपर्यंत सतरा अंगठे. ‘वाघीण’ असंही एकीने लिहिलं. वाघीण पिकअपमध्ये गोधडी पांघरून बसली होती.

आणि मग आबांचा मेसेज.

बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. अंगठा दाबायला काय लागतं, मीही न बघता देते. पण आबा बघतात. अन्वयने त्यांना ते ॲप घालून दिल्यापासून पलंगावर पडल्या पडल्या माझी प्रत्येक राइड बोटाने मोठी करून बघतात. कुठे थांबले, किती वेळ थांबले, चढाला वेग किती पडला. ‘ओझरपाशी सहा मिनिटं काय करत होतीस?’ असं विचारणारा माणूस अठ्ठेचाळीसच्या वेगाने ओलांडलेलं ओढा बघणार नाही?

की बघितलं, आणि खरंच वाटलं की मागून वारा असेल? ते जास्त वाईट. त्यांना आनंद झाला असेल तर तो माझ्याकडून गेलेला खोटा आनंद. आणि ओळखलं असेल, तर तो प्रश्न म्हणजे मला दिलेली पळवाट. ‘पश्चिमेचा होता’ असं… नाही, घरी परतताना मागून यायचा तर पूर्वेचा हवा. बघा, खोटं बोलायचं तर दिशाही नीट ठरवता येत नाही.

सायकल पार्किंगमध्ये आहे. संध्याकाळी दूध आणायला खाली गेले तेव्हा मागचं चाक पुन्हा बसलेलं दिसलं. उद्या.

सोमवार, दुपार

सकाळी ऑफिसला निघण्याआधी राइड कापली. शेवटून कापायची सोय आहे त्यात, एक खूण सरकवायची असते. चांदोरीपर्यंत सरकवली. त्यात नाक्यापासूनचे माझे खरे सहा किलोमीटरही गेले. त्यांनी काय घोडं मारलं होतं? पण मधलं तेवढं काढत बसायचा धीर नव्हता. आता ७७.१. अंगठे तसेच आहेत, सतरा. एकही कमी झाला नाही. वाघीणही कायम.

याचं मला वाईट वाटायला हवं होतं. हसूच आलं. रात्रभर ज्याचं ओझं वाहिलं ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

मग आबांचाच फोन आला. तिळगूळ कोण करणार आहे, आणि फिजिओच्या बाईंनी वेळ बदललीय, ते सांगायला. सगळं बोलून झालं. फोन ठेवणार इतक्यात मी म्हटलं, ‘‘आबा, उत्तरेचा होता.’’

‘‘हं. म्हणजे जाताना डावा कान, येताना उजवा.’’

‘‘हो.’’

थोडा वेळ काही नाही. मागे त्यांच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. ते थंडीतही पंखा लावतात, डास जातात म्हणे.

‘‘मग मागून नव्हता,’’ आबा म्हणाले.

‘‘चांदोरीपासून पिकअपने आले. दोनदा पंक्चर झाली.’’ हे मी इतक्या भरभर म्हटलं, जणू शाळेतला गुण लपवलेला पेपर पुढे सरकवत होते.

‘‘दोनदा? एकाच चाकाला?’’

‘‘मागच्या.’’

‘‘ट्यूबवर एकाच जागी का?’’

‘‘ते नाही बघितलं.’’

‘‘मग काटा आत आहे तो अजून,’’ आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दसऱ्यानंतर प्रथमच ती जुनी चीड होती. ‘‘किती वेळा सांगितलं, बोट फिरव म्हणून.’’

‘‘फिरवलं हो. बोटं गार होती.’’

‘‘मग गालाने बघायचं.’’

गालाने. हे त्यांनी मला पंचेचाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, आणि तोवर माझी बोटं कधी इतकी गारठलीच नसतील.

शंभराबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मीही नाही. त्यांनी केव्हा ओळखलं, हे मला अजून माहीत नाही. विचारणारही नाही बहुतेक.

सोमवार, रात्र

चाक वर घेऊन आले. हॉलमध्ये पेपर पसरला (तोच, निफाडचा, छातीवरच्या घामाने सुरकुतलेला) आणि टायर काढलं. दिवा जवळ घेतला. बोटं आता छान उबदार होती, सरळ बोटाने बघता आलं असतं. तरी आधी गाल लावला. रबराचा, चिखलाचा, थोडा उसाचा वास. अर्धं टायर झालं तरी काही नाही, आणि मग गालाच्या हाडाखाली टुच्च.

बाभळीचा. बाहेरून टायरच्या नक्षीत गेलेला, आत जेमतेम तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक. भुवईच्या चिमट्याने ओढून काढला. कापडावर ठेवून फोटो काढला आणि आबांना पाठवला.

दोन निळ्या खुणा. मग बराच वेळ ‘टायपिंग’.

‘कन्व्हर्टर सायकलच्या पिशवीत टाक. आत्ता.’

उठून खणातून आणला आणि टाकला.