दिवाळीतलं ग्रहण आणि सोलापुरात शोधलेली चौदा नंबरची काच

पुण्याहून सोलापूरला निघालेल्या गाडीत भिगवणनंतर उजनीचं पाणी दिसतं तेवढा वेळ सगळे खिडकीबाहेर बघतात, मग पुन्हा मोबाइल. त्यानंतर येणाऱ्या जेऊरकडे कुणी मान वर करून बघत नाही. करमाळा तालुक्यातलं साधं स्टेशन. पण २२ जानेवारी १८९८ला इथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं, आणि ते टिपायला कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांचाही तळ इथेच पडला होता. एवढा खटाटोप सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी. त्याआधी तीस वर्षं, १८ ऑगस्ट १८६८ला, अशीच सावली खाली विजापुरावरून गेली होती. म्हणजे ग्रहणाच्या बाबतीत आमचा सोलापूरचा पट्टा काही अगदीच कोरडा नाही.

मी चाललो होतो ते मात्र अगदी माफक ग्रहण बघायला. २५ ऑक्टोबर २०२२, खंडग्रास, तेही सूर्य मावळता मावळता. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा, आणि मधला हा भाकड दिवस. ताईच्या घरी दिवाळीला जायचंच होतं. माझ्याकडे ग्रहणाचे कागदी चष्मे होते, पण ताईच्या वाड्यातली पोरं धरली तर ते पुरणार नव्हते. भाच्याने फोनवर आधीच तोडगा काढून ठेवला होता: “मामा, वेल्डिंगची काच मिळते की इथं.”

मिळते, पण कुठली? खरी गोम तिथेच आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मधला मारुती भागात शिरणं म्हणजे धाडसच. झेंडूच्या ढिगांतून वाट काढत भाचा आणि मी एका हार्डवेअरच्या दुकानात पोचलो. मालकांनी वहीपूजनाची तयारी बाजूला सारून कागदात गुंडाळलेली काळी आयताकृती काच पुढे केली. कोपऱ्यात बारीक आकडा होता: ११. हा काचेच्या काळेपणाचा नंबर, आकडा मोठा तितकी काच जास्त काळी.

“चौदा नंबर आहे का?”

“चौदा कोण नेतंय साहेब? अकराच खपतंय. पोरं दिवसभर यातूनच काम करतेत, काय होत नाही.”

त्यांचं काही चुकत नव्हतं, वेल्डिंगपुरतं. नेहमीच्या आर्क वेल्डिंगला दहा-अकरा नंबर पुरतो. सूर्याचं गणित वेगळं. थेट सूर्य बघायच्या चष्म्यांसाठी आयएसओ १२३१२-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार दिसणाऱ्या प्रकाशापैकी ०.००३२ टक्क्यांहून जास्त आत येता कामा नये. अकरा नंबरची काच साधारण ०.००५ टक्के सोडते. बारा नंबर मर्यादेत बसतो, पण बऱ्याच जणांना त्यातून डोळे दिपल्यासारखं होतं. चौदा नंबर सोडतो जेमतेम ०.०००३ टक्के. तेरा सगळ्यात सुखाचा, पण तो दुकानात मिळणं म्हणजे नशीब.

मालकांनी मग गॅस वेल्डिंगचा हिरवा गोल गॉगल काढला. तो पाच नंबरचा. लहान मुलांना हाच सगळ्यात जास्त आवडतो, आणि तोच सगळ्यात धोक्याचा, कारण त्यातून जग छान गार दिसतं. भाच्याने डोकं चालवलं, “दोन अकरा एकावर एक ठेवल्या तर?” तर होतो एकवीस, बावीस नाही, काचा जोडल्या की बेरजेतून एक वजा करायचा. एकवीस नंबरातून सूर्यच दिसणार नाही. त्याच हिशोबाने दहा आणि पाच मिळून चौदा होतात, पण वाड्यातल्या पोरांच्या हातात दोन सुट्या काचा द्यायच्या आणि त्यातली एक सरकणार नाही असं धरून चालायचं, हे मला पटेना. चेहराभर झाकणारं, आपोआप काळं होणारं हेल्मेटही होतं तिथे. तेही नको म्हटलं. ते ठिणगीसाठी बनवलंय.

शेवटी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे, जड काम करणाऱ्यांना माल देणाऱ्या एका दुकानात चौदा मिळाली. धूळ बसलेली, पण कोपऱ्यात आकडा स्पष्ट.

घरी आलो तर दाजींनी कपाटातून स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून ठेवलेला. हा आपल्याकडचा परंपरागत चष्मा. हाडाच्या जागी फिल्म फिकी, बाजूला काळी. नजर जरा सरकली की डोळ्यात किती उजेड जाईल याचा नेम नाही. शिवाय फिल्म काळी दिसली म्हणून तिचा भरवसा नाही. डोळ्याला अंधार वाटतो आणि न दिसणारे अवरक्त किरण मात्र आत येऊ शकतात. दाजींच्या आईंचा उपाय वेगळा: परातीत हळदीचं पाणी, त्यात सूर्य बघायचा. पाणी डोक्यावरच्या सूर्याचा दोनेक टक्के उजेड परत फेकतं, आणि सूर्य कलला की त्याहून जास्त. मानकाच्या शेकडो पट झालं हे. त्यांना टक्के सांगण्यात अर्थ नव्हता. “परातीत बघू नका, तुम्हाला भिंतीवर दाखवतो,” एवढंच म्हटलं. फराळाच्या डब्यांवर त्यांनी तुळशीची पानं ठेवली होती. त्याला माझी हरकत असायचं कारण नाही, चकली खायला मिळाल्याशी मतलब.

रात्री चष्मे तपासले. अंधाऱ्या खोलीत चष्म्यामागे मोबाइलचा टॉर्च धरायचा. दिवा मंद ठिपक्यासारखा दिसला तर ठीक. कुठे सुईच्या टोकाएवढा लख्ख बिंदू चमकला तर तो चष्मा बाद. एकाच्या घडीपाशी असा बिंदू निघाला. कात्री लावली, म्हणजे कुणी चुकूनही घालायला नको. चष्म्यावर आयएसओचा नंबर असतो, पण नंबर छापायला कुणालाच फारसे पैसे लागत नाहीत, म्हणून बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का तेही बघतो. चांगल्या चष्म्यातून घरातली ट्यूबलाइटसुद्धा जवळजवळ दिसत नाही.

पंचवीसला संध्याकाळी पाचच्या आत सगळा वाडा गच्चीवर. पहिल्यांदा झारा. बुंदीचा झारा उन्हात धरला आणि जिन्याच्या पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक भोकाचा एक सूर्य उमटला. सूर्य कलल्यामुळे ऊन आडवं, त्यामुळे भिंतच पडदा. मीटरभर अंतराला सूर्याची प्रतिमा जेमतेम नऊ मिलिमीटरची, म्हणून भाचा मागे मागे सरकत गेला. मग आईंसाठी खास बेत: छोट्या आरशावर कागद चिकटवून मधे वाटाण्याएवढं भोक ठेवलं, आणि कवडसा समोरच्या अंधाऱ्या खोलीत पाडला. दहाएक मीटरवर भिंतीवर नऊ-दहा सेंटिमीटरचा सूर्य. त्याची कड भाकरीचा तुकडा मोडावा तशी मोडली होती. आई खुर्चीत बसून बघत होत्या, सूर्याकडे पाठ करून.

गच्चीवर पोरं पाळीपाळीने बघत होती. नियम सोपा: आधी मान खाली, चष्मा डोळ्यावर, मग मान वर, काढतानाही तसंच. चंद्र उजव्या अंगाला खालून शिरला होता. कागदी चष्म्यातून नारिंगी सूर्य, काचेतून हिरवा. दाजी दुर्बीण घेऊन आले तेव्हा मात्र मी आडवा आलो. चष्मा घालून दुर्बिणीतून बघायचं नाही. दुर्बीण ऊन गोळा करून थेट चष्म्यावर सोडते, तो क्षणात जळतो. फिल्टर लावायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर, तोही घट्ट.

सहाच्या आसपास सूर्य तांबूस झाला आणि शेजारचे एक काका म्हणाले, “आता कशाला चष्मा, मावळायलाच आलाय.” संध्याकाळी हे वाक्य ऐकू येणारच. उजेड सौम्य वाटतो म्हणून टक लावली जाते, आणि दृष्टिपटलाला दुखायच्या नसाच नाहीत. भाजलं तरी कळत नाही. काही तासांनी मधोमध डाग दिसायला लागतो. काकांना काच दिली. त्यांनी ती परत द्यायला बराच वेळ लावला.

पुढची संधी २ ऑगस्ट २०२७, आषाढातली दिव्याची अवस, दुपार कलल्यावर. आपल्याकडे खंडग्रासच, आणि दिवस पावसाळ्याचे. चौदा नंबरची काच ताईकडेच ठेवून आलोय, जुन्या उशीच्या अभ्र्यात. चष्मे लिफाफ्यात घालून जाड पुस्तकात. न चुरगळलेला, भोक न पडलेला चष्मा तेव्हाही चालेल. तरी टॉर्चची परीक्षा पुन्हा घ्यायचीच. भाच्याला अकरा नंबरचीही एक काच हवी होती, वेल्डिंग बघायला. ती दाजींनी पाडव्याला घेऊन दिली, आणि तिच्यावर मी मार्करने ‘सूर्य नको’ असं लिहिलं.