तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रमवरून बास गिटारकडे का?

"हात दुखावला का?" हा पहिला प्रश्न. "आता झेपत नाहीत का?" हा दुसरा, जरा दबक्या आवाजात. तिसरा खरं तर प्रश्न नसतोच: "या वयात नवीन वाद्य, कमाल आहे तुमची!"

तिन्हींचं उत्तर एकदाच देऊन टाकते. हात ठणठणीत आहेत. ड्रम झेपतात, आजही वाजवते. आणि वयाचं कौतुक नको. पंचविशीत "मुलगी असून ड्रम?" असं ऐकलं, पन्नाशी ओलांडल्यावर "ड्रमर असून बास?" असं ऐकतेय. तेव्हाही मी कुणाला थक्क करायला वाद्य हातात घेतलं नव्हतं आणि आताही नाही.

थोडं वाचलेली मंडळी प्रसिद्ध बासवादक जॅको पास्टोरियसचा दाखला देतात. तोही आधी ड्रम वाजवायचा, लहान वयात फुटबॉल खेळताना मनगटाला दुखापत झाली, आणि बँडमधला बासवाला सोडून गेला तेव्हा त्याने बास उचलला. दाखला खरा आहे, पण मला लागू नाही. माझं मनगट शाबूत आहे आणि तो तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा होता. मला जवळचा वाटतो दुसरा बासवादक, लॅरी ग्रॅहम. तो आईबरोबर वाजवायचा आणि साथीला ड्रमर नव्हता. म्हणून किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, जागी तो अंगठ्याने तार ठोकायला लागला आणि स्नेअरच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, जागी बोटाने तार खेचून सोडायला लागला. स्लॅप म्हणतात तो हाच. ड्रमची उणीव भरून काढायला निघालेल्या माणसाने बासला अख्खी नवी भाषा दिली. म्हणून ही दोन वाद्यं परकी असल्यासारखं कुणी बोललं की मला राग येतो.

खरं कारण सांगते. कीबोर्डवाल्याने सी मेजर कॉर्ड धरलेला असतो: सी, ई, जी हे तीन स्वर एकत्र. बासने खाली सी दिला की गाणं स्थिरावतं. कीबोर्डवरचा हात तसाच ठेवून बासने ए दिला, की तोच कॉर्ड ए मायनर सेव्हन होतो आणि गाणाऱ्याच्या त्याच ओळीवर सावली पडते. माझा ठेका दोन्ही वेळा तोच. मी घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे ठोके, कितीही हळुवार घातल्या तरी ते वळण माझ्या हातात नसायचं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या एका बोटात असायचं. वर्षानुवर्षं मी गाणं तोलून धरत आले, आणि ते उभं कुठे राहणार हे दुसराच कुणी ठरवत होता. मला ते आतून पाहायचं होतं. एवढंच कारण आहे. ते पुरेसं वाटत नसेल तर माझ्याकडे दुसरं नाही.

आता "ड्रमरला बास सोपाच जात असेल" याबद्दल. उजव्या हातापुरतं हे खरं आहे. तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने चालवणं म्हणजे ड्रमवर दोन काठ्यांनी एकाआड एक मारायचे सिंगल स्ट्रोकच, आणि मात्रेचे चार तुकडे मला झोपेतही करता येतात. डाव्या हाताला मात्र कुणी सूट देत नाही. नेहमीच्या बासची तार ३४ इंचांची. पहिल्या फ्रेटपर्यंतचं, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपर्यंतचं, अंतर जवळजवळ ४.८ सेंटीमीटर, आणि बाराव्याच्या पुढचं घर त्याच्या निम्मं. म्हणजे तोच स्वरसमूह खाली घ्यायचा तर बोटं फाकवायची आणि वर घ्यायचा तर आवळायची. ड्रमच्या किटवर टॉम कुठे ठेवायचा हे मी ठरवते. इथे घरं ठरलेली आहेत, हाताने त्यांच्याकडे जायचं.

आणि स्वर संपवणं. स्नेअरवर काठी पडली की माझं काम झालं, पुढे आवाज आपला आपण विरतो. बासचा स्वर थांबवला नाही तर चालूच राहतो. ए तारेवर वाजवताना खालची ई तार गुणगुणत राहते, म्हणून अंगठा तिच्यावर नुसता टेकवून ठेवायचा. डावं बोट उचलायचं, पण फ्रेटवरून पुरतं उचलायचं नाही. दाब सोडायचा आणि स्पर्श ठेवायचा. नाहीतर मोकळी तार बोलते. हे सगळं स्नेअरच्या आधी व्हायला हवं. बासचा स्वर स्नेअरखाली लांबला तर स्नेअर भिजल्यासारखी लागते, आणि तो नेमका तिच्यापाशी तुटला तर तीच स्नेअर लखलखीत ऐकू येते. मी ड्रमवर होते तेव्हा ही लखलख माझी आहे असं समजत होते. पण त्या वेळच्या माझ्यावर मी अन्यायही करणार नाही. सगळी वर्षं हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, पायाने उघडत आणि मिटत होते. आवाजाची लांबी मला कळत नव्हती असं कुणी म्हणू नये.

आता तो कार्यक्रम. त्याबद्दलही पुष्कळांनी विचारलंय, बहुतेक अर्धवट ऐकून.

बासवर मी पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिले तेव्हा ड्रमवर माझाच विद्यार्थी होता. काठी कशी धरायची इथपासून माझ्याकडे शिकलेला. गाणं संथ होतं, मिनिटाला ७२ मात्रांचं. किक पहिल्या मात्रेवर आणि दुसरीच्या अर्ध्यावर, स्नेअर दुसरी-चौथीवर. त्याहून साधं काही नसतं. कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या. मी केबल गुंडाळत होते. तो सिंबल पिशवीत घालता घालता थांबला आणि म्हणाला, "ताई, एक बोलू? तुम्ही माझ्या किकवर नव्हतात."

मी म्हटलं, "मग कुणाच्या?"

"तुमच्या स्वतःच्या."

मी लगेच उलटून बोलले. दुसऱ्या अंतऱ्यात तू मागे पडलास, म्हटलं. तो म्हणाला, "मागे नाही पडलो, मुद्दाम बसलो होतो. गाणाऱ्याला श्वास लागत होता." फोनवर रेकॉर्डिंग होतं. एकच हेडफोन, एक कान त्याला, एक मला. दुसरा अंतरा लागला. पहिल्या मात्रेवर माझा स्वर, आणि केसभर उशिरा त्याची किक. पुढच्या आवर्तनात पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्यातही. दोन आवाज एक व्हायला हवेत तिथे बारीकशी फट. मला ती ऐकू आली. त्याला आधीच ऐकू आली होती, चालू कार्यक्रमात, आणि तरी तो शांतपणे वाजवत राहिला होता.

"तुम्हीच शिकवलंत ना," तो म्हणाला, "की बासवाला आपल्या पायाकडे बघत असतो, म्हणून पाय खोटं बोलला नाही पाहिजे. तुम्ही एकदाही बघितलं नाहीत."

मी म्हटलं, "बघायची गरज काय? तो पाय मी बसवलाय."

"तो तेव्हाचा पाय, ताई."

तो हे चढ्या आवाजात बोलला असता तर बरं झालं असतं. पिशवीची चेन लावून, माझा अँप उचलून तो बाहेर घेऊन गेला, नेहमीसारखा. नंतर बरेच दिवस मी बास केसमधून काढला नाही. घरी रोज ड्रमवरच बसत होते, आणि जोरात वाजवत होते.

यावर मला जे म्हणायचंय ते पूर्ण म्हणू द्या. एक, तो दुसऱ्या अंतऱ्यात ढिला पडला होताच. बसणं आणि ढिलं पडणं यातला फरक मी त्याच्या वयापेक्षा जास्त वर्षं ऐकतेय. दोन, बासची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्‌झवर बोलते. म्हणजे तिचं एकच कंपन पुरं व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. किकचा ठोका क्षणात कानात शिरतो, पण इतका खालचा स्वर ओळखू यायला अवधी लागतो. म्हणून मी जरा आधी हात टाकत असेन तर त्यामागे विचार आहे. हे दोन्ही मुद्दे मी त्याला नंतर सांगितले. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पहिल्या अंतऱ्यात आपण एकत्र कसे होतो?"

त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मला आवडत नाही. पहिल्या अंतऱ्यात तो माझ्यासारखं वाजवत होता. दुसऱ्यात तो त्याच्यासारखं वाजवायला लागला.

ड्रमवर बसलं की लय आपली असते. बाकीचे येतात, टेकतात, निघून जातात. बास हातात घेतल्यावर ती दुसऱ्याच्या पायात जाते. कॉर्डचं वळण हाती आलं, आणि ज्याच्यावर मी आयुष्यभर उभी होते ते सुटलं. हे आधी ठाऊक असतं तर बास घेतला असता का? एखाद्या दिवशी नक्की घेतला असता म्हणते, एखाद्या दिवशी ठामपणे नाही. आणि बासने ड्रमच्या मागे जायचं हेसुद्धा मला मान्य नाही. दोघांनी एकमेकांवर रेलायचं असतं, आणि कोण किती रेललं हे गाण्यागणिक ठरतं. तो म्हणतो, "रेला ना, पण आधी बघा तरी." आता मी बघते. किकचा ठोका देणारा बीटर कातड्याकडे जायला निघतो तेव्हा माझी तर्जनी तारेवर आलेली असते, आणि पाय पोचेपर्यंत मी तिला धरून ठेवते. किटमागे बसून कधी धीर धरावा लागला नव्हता, तो इथे दर मात्रेला धरावा लागतो.

ते गाणं आम्ही परवाच्या प्रॅक्टिसला पुन्हा घेतलं, क्लिक, म्हणजे कानातला मात्रांचा ठोका, बंद करून. पहिला अंतरा चोख. दुसऱ्यात तो चौथी मात्रा अजूनही उशिरा देतो. मी थांबले, त्याच्याबरोबर स्वर तोडला, आणि गाणाऱ्याला खरंच श्वास मिळाला. तरी माझ्या मते त्याला तो श्वास थोडा आधी मिळायला हवा होता. कीबोर्डवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला दोन्ही चालेल. मला दोन्ही चालणार नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यालाही नाही. पुढच्या प्रॅक्टिसला आधी तेच गाणं घ्यायचं ठरलंय.