लॅटिन शब्दवही : पेर्तिनाकिया

सध्या हट्टाचं कुटुंब हाती घेतलंय. लॅटिनमध्ये हट्टाला नामं भरपूर. त्यातलं 'पेर्तिनाकिया' या खेपेला वहीत चढलं. पहिल्या गणातलं स्त्रीलिंगी नाम, षष्ठी 'पेर्तिनाकिआए'. चालवायला अजिबात त्रास देत नाही. (उच्चार अभिजात धरलाय. चर्चच्या उच्चाराची सवय असेल त्यांनी 'कि'च्या जागी 'चि' वाचावं.)

फोड सोपी आहे. 'तेनेओ' म्हणजे धरणे, 'तेनाक्स' म्हणजे घट्ट धरणारा आणि 'पेर्' लागला की 'पेर्तिनाक्स', धरलं ते शेवटपर्यंत न सोडणारा. म्हणजे मुळात सगळी गोष्ट मुठीची. मूठ कशावर आवळलीय, ते ज्याचं त्यानं बघावं.

रोमन विनोदी नाटककार प्लाउतुसच्या 'काप्तिवी' नाटकात ती मूठ पैशावर आहे. म्हातारा हेगिओ कैद्याला विचारतो, त्याचा बाप 'तेनाक्स' आहे का? उत्तर येतं, 'इम्मो एदेपोल पेर्तिनाक्स!' नुसता चिकट कसला, महाचिकट! वर पुरावा असा की, स्वतःच्या रक्षक देवतेला नैवेद्य दाखवतानाही तो सामोसची स्वस्त मातीची भांडीच काढतो. न जाणो, देवानंच लांबवली तर! कंजुषाला चिकट म्हणणाऱ्या आणि चिकाटीचं कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांना हा विनोद फोडून सांगायला नको.

रोमन कवी होरातिउसच्या (होरेसच्या) ओड्समध्ये, म्हणजे गीतकवितांमध्ये (१.९), हेच विशेषण एका मुलीच्या बोटाला लागलंय. कोपऱ्यात लपलेली मुलगी हसते आणि सापडते, मग तिच्या दंडावरचं किंवा बोटातलं काहीतरी खूण म्हणून हिसकावलं जातं. बोट कसलं? 'माले पेर्तिनाकि' ('पेर्तिनाक्स'चंच रूप; 'माले' म्हणजे एरवी 'वाईट रीतीनं', इथं 'जेमतेम'). विरोध केल्यासारखं करणारं, पण फारसा न करणारं. त्या एका 'माले'साठी अख्खी ओड पाठ करावी.

नामाकडे वळलं की सूर बदलतो. रोमन वक्ता किकेरोनं (सिसेरोनं) तरुणपणी वक्तृत्वकलेवर लिहिलेल्या 'दे इन्वेन्तिओने'त प्रत्येक सद्गुणाला खेटून एक दुर्गुण बसवलाय: आत्मविश्वासाशेजारी उद्दामपणा, धर्माशेजारी अंधश्रद्धा आणि 'पेर्सेवेरांतिया'शेजारी, म्हणजे चिकाटीशेजारी, आपली पेर्तिनाकिया. वाचायला नीटनेटकं आहे, पण दोघींच्या मधली भिंत कुठं, ते काही कळत नाही.

भिंत कोण घालतं, ते प्लिनिउसच्या पत्रात दिसतं. धाकटा प्लिनिउस (प्लिनी) बिथिनिया-पोंतुस या रोमन प्रांताचा अधिकारी, इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट त्रायानुसला (ट्रेजनला) ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांबद्दल लिहितो (१०.९६). कबुली देणाऱ्यांना दुसऱ्यांदा विचारलं, शिक्षेची धमकी देऊन तिसऱ्यांदा विचारलं. तरी ठाम राहिले, त्यांना देहदंडाला पाठवलं. हे ठाम राहणारे म्हणजे 'पेर्सेवेरांतेस'. लगेच पुढच्या वाक्यात तो म्हणतो, त्यांची कबुली कशाचीही असो, 'पेर्तिनाकियाम' (आपल्याच नामाचं द्वितीयेचं रूप) आणि न वाकणारी 'ओब्स्तिनातिओनेम', म्हणजे हटवादीपणा, शिक्षेला पात्र आहेच. माणसं तीच, कृती तीच. पहिल्या वाक्यात तिचं नुसतं वर्णन आहे, दुसऱ्यात ती गुन्हा झालीय. किकेरोच्या दोन्ही शेजारणी लागोपाठच्या दोन वाक्यांत, आणि मधे फक्त खुर्चीत बसलेला अधिकारी! शब्दकोशात चांगला-वाईट असे दोन अर्थ शेजारी मांडलेले असतात. पण कोण कुणाला म्हणतंय हे पाहिल्याशिवाय मी आता या नामाचा अर्थ लिहीत नाही.

'पेर्विकाकिया' वहीत अर्धवट आहे. तिच्यात धरणं नाही, जिंकणं ('विंको') आहे. इतिहासकार ताकितुस (टॅसिटस) हेल्विदिउस प्रिस्कुस या रोमन सेनेटरला 'रेक्ति पेर्विकाक्स' म्हणतो, न्यायाच्या बाबतीत हटून बसणारा, आणि तिथे ती शाबासकी आहे.

पुढचा नंबर 'कोन्तुमाकिया'चा. रोमन कायद्यात बोलावणं येऊनही कोर्टात न जाणं म्हणजे हीच, आणि किकेरो मात्र न्यायाधीशांपुढे न गयावया करणाऱ्या सोक्रेतिसच्या (सॉक्रेटिसच्या) बाण्याला 'लीबेरा कोन्तुमाकिया', म्हणजे मोकळा ताठपणा, म्हणून मान देतो. आधी कायद्यातले उतारे लावायला घेतलेत.