ओलीच्या मागावर : महाबळेश्वर ते सोलापूर

पर्जन्यछाया म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर महाबळेश्वरहून पूर्वेकडे निघावं. माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. पसरणीचा घाट उतरून वाई, सातारा, कोरेगाव, पुसेगाव करत दहिवडी गाठली की तो पाचशेच्या आसपास येतो, आणि सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. नैऋत्येचे वारे सह्याद्री चढताना आपलं बाष्प ओतून मोकळे होतात. पलीकडे उतरणारी हवा तापते, कोरडी होते.

आम्ही हा रस्ता निवडला तो सप्टेंबरअखेरचा. उत्तरा नक्षत्र सरत आलेलं असतं, हस्ताची वाट पाहिली जाते आणि रब्बी ज्वारीच्या पाभरी, म्हणजे पेरणीची अवजारं, बाहेर निघतात. इथल्या दुष्काळाचा निकाल याच दिवसांत लागतो. ज्वारी पुढचे चार महिने बहुतांशी जमिनीत साठलेल्या ओलीवर काढते. त्यामुळे तालुक्याच्या पावसाची सरासरी आम्हाला फार कामाची वाटत नाही. खरा प्रश्न असा, की पडलेल्यापैकी किती मुरलं आणि ते धरून ठेवायला माती किती खोल आहे?

ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बोटाएवढ्या जाडीची, टोक असलेली लोखंडी सळई घ्यावी आणि मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांनी शेतात दाबावी. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडा थर लागला की अडते. जिथे अडली तिथपर्यंत ओल. एकाच जागी पाहून भागत नाही; बांधाजवळ, मधे आणि उताराच्या तळाशी अशा निदान पाच-सहा जागा हव्यात. सळई खडकाला किंवा मुरमाला अडली तर आकडा फसवतो, म्हणून एका जागी खड्डा घेऊन मातीची खोली पाहावीच. गोंदवल्याच्या पुढे, म्हसवडकडे जाताना माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मोहोळच्या बाजूला काळ्या रानात मीटरभर खणलं तरी माती संपत नाही.

हिशेब सोपा आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर पाणी. मीटरभर खोलीची काळी माती पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलीमीटर पाणी धरते. ३० सेंटीमीटरची माती जेमतेम ५० ते ६०. म्हणजे शेजारशेजारच्या दोन शेतांत पाऊस सारखा पडूनही एकाची ज्वारी कणसात भरते आणि दुसऱ्याची पोटरीतच, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधीच, वाळते.

मोहोळ हे नाव ज्वारीवाल्यांना माहीत आहेच. मालदांडी ३५-१ हे निवडीतून मिळालेलं ज्वारीचं वाण इथलं. सोलापूर तर कोरडवाहू संशोधनाचं जुनं ठाणं. पुण्याजवळच्या मांजरी गावी १९२३ मध्ये सुरुवात झाली आणि पुढे १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगारी, रायचूर, रोहतक अशी केंद्रं उभी राहिली. आज सोलापूरचं केंद्र महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. पाहायला जायचं तर आधी पत्र देऊन वेळ ठरवावी.

तिथल्या शिफारशींचा गाभा मातीच्या खोलीवर उभा आहे. ३० सेंटीमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली ही वाणं, ६० पर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल भारी जमिनीला फुले वसुधा, फुले रेवती. भारी जमिनीचं उशिरा येणारं वाण हलक्या रानात पेरलं तर दाणे भरायच्या आत ओल संपते. दोष बियाण्याला दिला जातो, पण चुकलेली असते ती जोडी.

पेरणीच्या बरंच आधी, जुलैतच, उताराला आडवे साधारण ३.६ बाय ३.६ मीटरचे वाफे पाडायचे असतात. तेरा चौरस मीटरच्या अशा वाफ्यात ५० मिलीमीटरचा पाऊस म्हणजे साडेसहाशे लिटर पाणी जागीच अडतं. बिघडतं ते दोन ठिकाणी. वाफे ऑगस्टअखेर पाडले तर अडवायचं पाणी तोवर वाहून गेलेलं असतं. आणि वरंब्यात एक जागा जरी सखल राहिली तरी मोठ्या सरीत पाणी तिथूनच फुटतं, खालचे वाफे ओळीने फोडत जातं आणि शेतात घळ पडते. पहिल्या पावसानंतर फावडं घेऊन एक फेरी मारणं म्हणूनच सक्तीचं मानावं.

हवामान बदलाने या कामाचं मोल वाढवलंय. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं. तो पट्टा सोलापूरच्या ईशान्येला असला तरी धडा इथेही लागू पडतो. भिजून फुगलेली काळी माती तासाला मोजके मिलीमीटरच पाणी पिते. तासाभरात ६० मिलीमीटर कोसळले तर वाफ्याशिवायच्या रानातून बहुतेक पाणी मातीसकट ओढ्याला जातं.

पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, दोन चाड्यांच्या (बी-खत सोडायच्या पात्रांच्या) पाभरीने, बी पाच सेंटीमीटर खोल, हेक्टरी १० किलो, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर. काणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं. मग कोळपण्या, म्हणजे ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवणं. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी. शेवटची कोळपणी तण नाही म्हणून पुष्कळजण टाळतात, आणि इथेच मोठं नुकसान होतं. आठव्या आठवड्यापर्यंत काळ्या रानाला भेगा पडायला लागतात. भेगेतून खालच्या थरातली ओल वाफ होऊन जाते, मुळंही तुटतात. दातेरी कोळप्याने वरची भुसभुशीत माती भेगांत पडते आणि तोंडं बुजतात. विहिरीत एकाच पाण्यापुरता साठा असेल, तर तो पन्नास-पंचावन्नाव्या दिवशी, पीक पोटरीत असताना द्यावा, तोही एक सरी आड.