तुम्ही विचारलंत म्हणून: खुनाच्या गोष्टी पुन्हा पुन्हा का वाचते?

वाचनालयात पुस्तकं बदलायला गेले की माझ्या हातात बहुतेक वेळा दोन असतात: एक सगळे 'चांगली' म्हणतात तशी कादंबरी आणि एक खुनाची गोष्ट. मग प्रश्न येतोच. "ताई, इतकं चांगलं वाचता, मग हे कशाला?" मागच्या आठवड्यात रांगेतल्या एका काकांनी त्याच्या पुढचं विचारलं. "खुनी कोण ते कळलं की पुस्तक संपलं. तुम्ही तेच परत कसं काय नेता?" उभ्या उभ्या उत्तर जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरी रहस्यकथा आली ती बाबूराव अर्नाळकरांची. सांगलीच्या वाड्यात वडिलांच्या उशाशी त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड असायचेच. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. माझ्या वाट्याला आल्या त्या मी बसल्या बैठकीला एक अशा संपवल्या. प्रेत सापडायचं, आणि सापडलं की त्याचं काम झालं. पुढे पाठलाग, वेषांतर, अंधाऱ्या गल्ल्या. मेलं ते माणूस कसं होतं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

मी अकरा वर्षांची असताना वाड्यातल्या मागच्या खोलीतल्या वहिनी जळून गेल्या. स्टोव्हचा भडका उडाला, असं आम्हा मुलांना सांगितलं. पोलीस आले, पंचनामा झाला. मोठी माणसं पुढे महिनाभर जिन्यात हळू आवाजात बोलायची, आणि बोलायची ते एकच: नवऱ्याने की सासूने. वहिनींबद्दल कोणी बोलत नव्हतं. मला गजरा करायला त्यांनी शिकवलं होतं. दोरा पाण्यात भिजवून घ्यायचा म्हणजे गाठ सरकत नाही, हे अजून माझ्या बोटांत आहे. परवा आईला त्यांचं नाव विचारलं. आई बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "आपण सगळे वहिनीच म्हणायचो ना गं."

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

कॉलेजात असताना दस्तयेव्स्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' इंग्रजीतून वाचली. 1866 सालची कादंबरी. सहा भाग आणि उपसंहार, आणि खून होतो पहिल्या भागाच्या शेवटी, आपल्या डोळ्यांदेखत. खुनी कोण हे गुपित नाहीच. रास्कोल्निकोव्ह नावाचा गरीब विद्यार्थी वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या एका म्हातारीला कुऱ्हाडीने मारतो. तिच्या जगण्याचा कोणाला काय उपयोग, असा त्याचा हिशेब असतो. पण तेवढ्यात म्हातारीची सावत्र बहीण लिझावेता घरात येते. गरीब, घाबरट, बहिणीचा मार खाणारी बाई. तो तिलाही मारतो. कुऱ्हाड उगारलेली असताना ती चेहऱ्यावर हातसुद्धा धरत नाही, डावा हात जरासा पुढे करते फक्त.

पहिल्यांदा वाचताना मी लिझावेताला विसरून गेले. म्हातारी, हिशेब, तपास करणाऱ्या पोर्फिरीची ती सावकाश जाळं विणणारी उलटतपासणी, यातच गुंतले. दुसऱ्या वाचनात मात्र एका जागी थांबले. खुनानंतर तो तापाने पडलेला असतो आणि घरातली मोलकरीण नास्तास्या त्याला सांगते, लिझावेतालाही मारलं, ती इथे यायची, तुझा एक शर्टही तिने दुरुस्त करून दिला होता. तो भिंतीकडे तोंड करतो आणि भिंतीवरच्या कागदातल्या फुलाच्या पाकळ्या मोजू लागतो. पुढे एकदा त्याचं त्यालाच नवल वाटतं, की आपल्याला ती जवळपास आठवतच नाही, जणू आपण तिला मारलंच नाही. मीही तिला तशीच विसरले होते. आणि पुढे सोन्या, त्याला जीव लावणारी मुलगी, बायबलमधली मेलेला लाझारस जिवंत होतो ती गोष्ट त्याला वाचून दाखवते, ते पुस्तक लिझावेतानेच आणून दिलेलं असतं. मेलेली बाई अशी कादंबरीभर परत परत येत राहते. शेवट माहीत नसता तर पानं उलटायच्या घाईत मला ती दिसलीच नसती. परत नेते ती यासाठी.

याच वाटेवर पुढे स्वीडनची 'रोझॅना' भेटली. माय श्योवाल आणि पेर वालो या जोडप्याने 1965 ते 1975 या काळात दहा पुस्तकं लिहिली. मुलं झोपली की रात्री बसायचं आणि एकाआड एक प्रकरणं लिहायची, अशी त्यांची पद्धत. दहाही पुस्तकांना उपशीर्षक एकच, 'एका गुन्ह्याची कादंबरी'. गुन्हा आणि कादंबरी यांच्यात भिंत घालायला ते तयार नव्हते. 'रोझॅना' त्यातली पहिली. मोटाला गावाजवळ कालव्यातला गाळ काढताना एका तरुणीचा मृतदेह वर येतो. ती कोण, हेच कितीतरी दिवस कळत नाही. मग अमेरिकेतून निरोप येतो: ती नेब्रास्कातल्या लिंकन शहरातली ग्रंथपाल होती. तिच्या मैत्रिणीची आणि जुन्या मित्राची जबानी प्रश्नोत्तरांसकट पुस्तकात दिली आहे. पोलीस तपासनीस मार्टिन बेक आणि त्याचे सहकारी, ती ज्या बोटीने कालव्यातून प्रवास करत होती त्या बोटीवरच्या प्रवाशांकडून सुट्टीतले फोटो आणि फिल्म मागवतात, आणि त्या चित्रांत ती डेकवर उभी असलेली दिसते. मला दर वेळी त्या पानावर रडू येतं. एका अनोळखी बाईसाठी इतकी माणसं इतके महिने खपतात, तिला काय आवडायचं ते विचारतात.

अगाथा ख्रिस्तीबाईंची खुनाची कोडीही मी आवडीने वाचते. बांधणी पाहावी तर त्यांचीच. पण तिथे मेलेल्या माणसासाठी गळा क्वचितच दाटतो. आणि स्पष्टच सांगायचं तर, पुष्कळ नावाजलेल्या गंभीर कादंबऱ्यांतही दाटत नाही. तिथे नायकाचं दुःख खोल व्हावं म्हणून एखादी बायको, एखादी मोलकरीण मरते, आणि पुढची दोनशे पानं नायक स्वतःबद्दलच बोलतो. म्हणून 'चांगलं' आणि 'हे' अशी वाटणी मला करता येत नाही. मेलेल्या माणसाला लेखकाने किती पानं दिली आणि कशी दिली, ते मी पाहते. मार्केझच्या 1981 सालच्या 'क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड'मध्ये पहिल्याच वाक्यात कळतं, की सांतियागो नासारला मारणार आहेत. तरी शेवटपर्यंत वाटत राहतं, कोणीतरी त्याला सांगेल, दार उघडं राहील.

तर काका, आधी 'रोझॅना' न्या. सुरुवातीला फार संथ वाटेल, काही घडतच नाही असं वाटेल. तरी ठेवून देऊ नका, लिंकनहून निरोप येईपर्यंत वाचा. मग बोलू.